तीन नंबरची पेटी

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या आमच्या मूंटा गावच्या जुन्या इन्स्टिट्यूट हॉलच्या किल्ल्या माझ्याकडे असतात. केवळ त्यामुळे मी पेटी क्लबची सेक्रेटरी झाले. मला स्वतःला स्पीकर बनवता येत नाहीत. माझ्या घरचे दुकानातून आणलेले आहेत, आणि ही गोष्ट क्लबात पहिली दोन वर्षं दर बैठकीत कुणी ना कुणी मला ऐकवायचं.

क्लबात माझ्याखेरीज नऊ जण. बहुतेक साठीच्या पुढचे, कुणी शेतकरी, कुणी बंदरावरून निवृत्त झालेले. घरातल्या होम थिएटरचे स्पीकर स्वतः बनवायचे, एवढाच त्यांचा उद्योग. आतला वाजणारा भाग ॲडलेडहून मागवायचा आणि त्याच्याभोवतीची लाकडी पेटी आपल्या शेडमध्ये तयार करायची. सगळी मजा त्या पेटीत असते म्हणतात. पेटी किती रुंद, आत हवा किती मावते, मागच्या बाजूला भोक किती मोठं, आत कापूस किती भरला, यावर आवाज ठरतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी सगळे हॉलमध्ये जमतात आणि या विषयावर भांडतात. ऑगस्टमध्ये स्पर्धा असते.

मर्व्ह टॉन्किन सलग सहा वर्षं ही स्पर्धा जिंकला होता. मर्व्ह पेशाने सुतार. गावातल्या निम्म्या स्वयंपाकघरांतली कपाटं त्याची, चर्चमधली बाकं त्याची. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही त्याचा हात असा की लाकडाला लाकूड जोडलेलं नखाला कळू नये. तो त्याच्या पेट्यांवर रेड गमच्या लालसर लाकडाचा पातळ पापुद्रा चढवायचा आणि महिनाभर हाताने पॉलिश करायचा. पेटी हॉलमध्ये आली की आधी सगळे तिच्यावरून हात फिरवायचे, मग ऐकायला बसायचे.

एका रविवारी क्लाइव्ह पेनरोझ सहज बोलून गेला. क्लाइव्ह बार्लीचा शेतकरी, आणि गप्प बसणं त्याला कधी जमलेलं नाही.

"मर्व्हच्या पेटीत स्पीकर नाही बसवला तरी चालेल. आम्ही तिलाच मत देऊ. आरशासारखी चमकते, भांग पाडून घेता येतो."

सगळे हसले. मर्व्हही हसला, पण चहा संपल्यावर तो उठून उभा राहिला.

"यंदा पडदा लावायचा," तो म्हणाला. "काळा, जाड. पेट्या मागे. आपली सेक्रेटरी ग्लेनिस एकेक वाजवेल. कुठली कुणाची हे फक्त तिला माहीत."

"अरे, मी गंमत केली," क्लाइव्ह म्हणाला.

"मी नाही करत. कार्डावर गुण द्यायचे, दहापैकी. खाली शेरा लिहायचा. कार्डावर नाव नाही. स्वतःची पेटी ओळखू आली तर त्या आकड्यापुढे 'माझी' लिहायचं आणि गुण द्यायचे नाहीत, शेरा मात्र लिहायचा. शेरे ग्लेनिस सगळ्यांसमोर मोठ्याने वाचेल. झोंबले तर झोंबले."

कुणाची हरकत नव्हती. विषयही त्यानेच सुचवला: मधला स्पीकर. होम थिएटरमध्ये टीव्हीच्या खाली जो आडवा ठेवतात, तो. सिनेमातलं सगळं बोलणं त्यातूनच येतं, त्यामुळे तो खराब असेल तर लपत नाही.

पाच पेट्या आल्या. मर्व्हची, क्लाइव्हची, आणखी दोघांची, आणि पाचवी नेव्हिल हॉस्किंगची. नेव्हिलने तीस वर्षं धान्याच्या सायलोवर वजनकाटा सांभाळला होता. एकटा राहतो, कमी बोलतो. तो पेटी बनवतो ती छापील नकाशाबरहुकूम. नकाशात बारा स्क्रू असतील तर बारा, आत आधाराच्या तीन पट्ट्या असतील तर तीन. कापूससुद्धा स्वयंपाकघरातल्या तराजूवर ग्रॅममध्ये तोलून भरतो. वरून साधी एमडीएफची, दाबलेल्या भुशाची फळी, आणि त्यावर शेडच्या दारासाठी आणलेल्या रंगातला उरलेला करडा रंग. क्लबात त्याच्या पेट्यांना कुणी नावं ठेवत नसे. तशी कुणी त्यांची दखलही घेत नसे.

स्पर्धेच्या दिवशी कडाक्याची थंडी होती. मर्व्हची बायको नोला हॉलच्या स्वयंपाकघरात पेस्ट्या, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्या, गरम करत होती. पेट्या चादरीखाली झाकून आणायच्या असं ठरलं होतं. मी त्या मागच्या खोलीत नेल्या आणि चिठ्ठ्या टाकून क्रम लावला. मग एकेक पेटी ट्रॉलीवरून पडद्यामागे नेली, आवाजाची पातळी यंत्राने मोजून सारखी केली, आणि प्रत्येकीवर तेच दोन तुकडे वाजवले. एकात एक बाई हवामानाचा अंदाज वाचत होती. दुसऱ्यात दोन पुरुष स्वयंपाकघरात बसून एका बोटीच्या विक्रीबद्दल बोलत होते. पुढे नऊ जण परीक्षेला बसल्यासारखे मांडीवर पुठ्ठा घेऊन लिहीत होते.

चहाच्या सुट्टीत मी कार्डं गोळा केली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बेरीज करायला बसले. आठ कार्डांपर्यंत पाच नंबरला सगळ्यांत जास्त गुण होते. तीन नंबरला सगळ्यांत कमी. पाच म्हणजे नेव्हिल. तीन म्हणजे मर्व्ह.

मग नववं कार्ड हातात आलं. ते सुताराच्या चपट्या, जाड पेन्सिलीने लिहिलं होतं, मोठ्या सुट्या अक्षरांत. मर्व्हने माझ्या स्वयंपाकघराची मापं घेतली तेव्हा भिंतीवर जसे आकडे लिहिले होते, अगदी तसं. त्या कार्डावर पाच नंबरपुढे लिहिलं होतं, 'माझी'. तीन नंबरपुढे दोन गुण होते आणि खाली शेरा:

'माणूस कपाटात कोंडलाय आणि आतून बोलतोय. बनवणाऱ्याने आधी फळ्या ठोकायला शिकावं.'

मी ते दोनदा वाचलं. ओव्हनपाशी नोला पेस्ट्या मोजत होती. तिने विचारलं, "कोण पुढे आहे गं?" मी म्हटलं, अजून बेरीज व्हायची आहे.

शेरे वाचायची वेळ आली. पहिल्या दोन पेट्यांचे वाचले. तिसरीचे आठ वाचून मी चौथीकडे वळले.

"आठच झाले," मर्व्ह म्हणाला. तो पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता. "आम्ही नऊ आहोत."

"एकाने काही लिहिलं नाही."

"लिहिलंय. सगळ्यांनी सगळ्यांवर लिहायचं असं ठरलं होतं. वाच बाई, नववा वाच."

त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं. आपला शेरा त्याला आवडला होता आणि तो चारचौघांत ऐकायचा होता. मी अजून एकदा टाळून पाहिलं. "जरा कडक आहे, मर्व्ह."

"मग तर वाचच," क्लाइव्ह मागून म्हणाला.

मी वाचला. हॉलमध्ये हशा पिकला. क्लाइव्हने मांडीवर थाप मारली. मर्व्ह मोठ्याने हसला नाही. ज्याची कोटी बरोबर पडली त्या माणसासारखा जमिनीकडे बघून हसला.

राहिलेले शेरे वाचून मी पडदा ओढला. पाच पेट्या ओळीने मांडलेल्या होत्या आणि प्रत्येकीच्या पुढे आकडा. नावं वाचायची गरजच पडली नाही. तीन नंबरची पेटी दिव्याखाली चमकत होती.

मर्व्ह उठला, पेटीपर्यंत चालत गेला आणि तिच्यापुढचं आकड्याचं पान उचलून बघितलं, उलटं करून बघितलं. मग त्याने पाच नंबरकडे बघितलं. करडा रंग, कोपऱ्यात स्क्रूंची डोकी दिसत होती.

"नेव्हिल जिंकला," मी म्हटलं, कारण कुणीतरी ते म्हणायला हवं होतं. दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या.

तोपर्यंत क्लाइव्हने टेबलावरची कार्डं उचलली होती. मी ती तिथे ठेवायला नको होती. "एवढं लागेल असं लिहिणारा कोण ते तरी बघू," म्हणत त्याने ती चाळली आणि एक कार्ड वर धरलं.

"हे घ्या. कपाटवाला शेरा. आणि खाली पाचपुढे काय लिहिलंय? 'माझी'."

सगळे नेव्हिलकडे वळले.

"ते माझं कार्ड नाही," नेव्हिल म्हणाला.

"पाच नंबर तुझा ना?"

"हो. पण मला ओळखू आला नाही. मी त्याला सात दिले."

"स्वतःच्या पेटीला सात? आणि ओळखू आली नाही? जिंकलेली पेटी?" क्लाइव्हने कार्ड टेबलावर टाकलं. "हे बघ मित्रा, जिंकलास, ठीक आहे. पण ज्याने तुला पहिल्यांदा करवत धरायला शिकवली त्याच्याबद्दल असं लिहितोस आणि वर कबूल करत नाहीस?"

"माझं कार्ड नाही ते," नेव्हिल पुन्हा म्हणाला. आवाज चढवला नाही. काट्यावरचं वजन सांगावं तसं म्हणाला.

नोला हातात ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "लाज वाटायला हवी तुला, नेव्हिल," ती म्हणाली. "आमच्या घरी किती वेळा जेवलास."

मर्व्हने आपल्या पेटीपुढे 'माझी' का लिहिलं नाही, हा प्रश्न त्या दुपारी कुणालाच पडला नाही. मी मर्व्हकडे बघत होते. तो बोलेल म्हणून थांबले होते. त्याचं तोंड थोडं उघडलं, मग मिटलं. त्याने पेटी उचलली, पोटाशी धरली आणि बाहेर गाडीकडे गेला. मीही काही बोलले नाही. त्याचं गुपित त्यानेच सांगावं असं मला वाटलं. निदान तेव्हा मी स्वतःची तशी समजूत घातली.

नेव्हिलने आपली पेटी चादरीत गुंडाळली. त्याला देण्यासारखं काही नव्हतं. फिरता चषक मर्व्हच्या घरी होता. दरवर्षी परत त्याच्याकडेच जायचा म्हणून त्याने तो आणलाच नव्हता.

पुढच्या आठवड्यात ही गोष्ट गावभर झाली. आमचं गाव केवढंसं. बेकरीत नोलाने सांगितली, म्हातारे लोक बोल्सचे गोळे घरंगळवत खेळतात त्या मैदानावर क्लाइव्हने सांगितली, चर्चच्या अंगणात ती मला तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी ऐकायला मिळाली. एका तऱ्हेत नेव्हिलने मर्व्हला चोर म्हटलं होतं. लोक नेव्हिलला 'कपाट' म्हणू लागले. आमच्याकडे टोपणनाव एकदा चिकटलं की माणसाबरोबर कबरीपर्यंत जातं. पोस्टात रांगेत तो माझ्यापुढे उभा होता तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "काय कपाट, दार उघडं आहे का?" नेव्हिलने तिकिटं घेतली आणि गेला.

तीन आठवड्यांनी, रविवारी, मी चषक आणायला मर्व्हच्या शेडमध्ये गेले. हे निमित्त होतं, पण खोटं नव्हतं. सेक्रेटरी म्हणून ते माझं कामच होतं.

मर्व्हने ती पेटी मागून कापून उघडली होती. पॉलिश केलेली बाजू जुन्या ब्लँकेटवर पालथी होती आणि आतला कापूस बाहेर काढून ठेवला होता. तो काटकोन तपासायचा गुण्या हातात घेऊन नुसता उभा होता. नोला चहा घेऊन आली.

"बघ काय करून घेतलंय," ती मला म्हणाली. "जेवत नाही धड. तो मेला कपाट, त्याला एकदा समोर बसवून विचारणार आहे मी."

"नोला, पुरे," मर्व्ह म्हणाला.

"का पुरे? तू बोलत नाहीस म्हणून मी बोलते."

"पुरे म्हटलं ना."

ती कप ठेवून निघून गेली. दार बंद झाल्यावर मी विचारलं, "कधी सांगणार आहेस?"

"काय?"

"पेन्सिल तुझी होती, मर्व्ह. माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर अजून तुझे आकडे आहेत, टाइल्सच्या मागे."

त्याने गुण्या खाली ठेवला. मग वाकून पेटीच्या आत बोट दाखवलं.

"चार सेंटिमीटर," तो म्हणाला. "टीव्हीखालच्या फळीत बसावी म्हणून उंची चार सेंटिमीटर कमी केली. नोलाला बाहेर आलेली नको होती. मग आत हवा कमी पडली, म्हणून कापूस जास्त कोंबला. मधली आधाराची पट्टी काढली, कारण जागा नव्हती. म्हटलं, चालेल. कोणाला कळतंय."

"कळलं की."

"हो. मलाच कळलं." तो कोरडं हसला. "अकरा महिने ती माझ्या खोलीत वाजत होती, ग्लेनिस. रोज संध्याकाळी. आम्ही दोघं बसून बातम्या बघायचो. मी म्हणायचो, काय स्वच्छ आवाज आहे. आणि पडद्यामागून ऐकली तर दोन शब्दांत कळलं की कुणीतरी घाण काम केलंय. आणि ती पाच नंबरची वाजली तेव्हा वाटलं, ही माझी. दुसऱ्या कुणाची असणारच नाही."

"त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"बोलणार होतो. क्लाइव्ह नेव्हिलवर घसरला तेव्हाच बोलणार होतो. मग एक क्षण गेला. मग दुसरा गेला. त्यानंतर बोलायचं म्हणजे आधी का गप्प होतो तेही सांगावं लागलं असतं." त्याने कापसाचा एक पुंजका उचलला. "आणि खरं सांगू? तो एक क्षण मला बरं वाटलं. सगळे माझ्या बाजूने होते."

मी चहा प्यायले. चहात साखर घालायला नोला विसरली होती.

"तूही गप्प राहिलीस," तो म्हणाला.

"राहिले."

"का?"

"तू बोलशील म्हणून."

त्याने हात पुसले, फळीवरून चषक काढला आणि म्हणाला, "चल. तू गाडी चालव. मी चालवली तर वाटेतून परत फिरेन."

नेव्हिल घराच्या मागे, बाहेरच्या मोरीपाशी माकुल साफ करत होता. सकाळी धक्क्यावर गळ टाकायला गेला असावा. बोटं माकुलाच्या शाईने काळी झाली होती. आम्हाला बघून त्याने सुरी खाली ठेवली नाही.

मर्व्हने कुंपणाच्या अलीकडे उभं राहूनच सांगितलं. "ते कार्ड माझं होतं."

"माहीत आहे," नेव्हिल म्हणाला.

"माहीत आहे?"

"पेट्या बनवणारे पाच. 'माझी' लिहिलेली कार्डं चार. एक नंबरपुढे एक, दोनपुढे एक, चारपुढे एक, पाचपुढे एक. क्लाइव्ह चाळत होता तेव्हा मी मोजली. पाचपुढे मी लिहिलं नव्हतं, तिनावर कुणीच लिहिलं नव्हतं." त्याने माकुलाचं डोकं ओढून वेगळं केलं. "हिशोब कठीण नव्हता."

"मग तिथेच का नाही म्हणालास?"

"दोनदा म्हणालो, माझं कार्ड नाही. त्यापुढे मला कुणी काही विचारलं नाही. फक्त कबूल कर म्हणाले."

"माझं नाव घ्यायचं."

"ते तुझं काम होतं."

नेव्हिलने नळ सोडला, माकुल धुतली, टोपलीत टाकली. "एकवीस दिवस झाले," तो म्हणाला. "पहिले चार-पाच दिवस मी संध्याकाळी फोनजवळ बसायचो. मग म्हटलं, जाऊ दे."

"चुकलं माझं, नेव्हिल."

"हो."

"रविवारी क्लबात सगळ्यांसमोर सांगतो. तू ये."

"सांग. मी नाही येणार."

मी चषक कुंपणाच्या खांबावर ठेवला. एका जुन्या स्पीकरचं लोखंडी चक्र लाकडावर बसवलेलं, आणि खाली पितळी पट्टीवर सहा वेळा मर्व्हचं नाव. नेव्हिलने त्याच्याकडे पाहिलं आणि हात ओले आहेत म्हणाला. आम्ही तो तिथेच ठेवून आलो. मी मर्व्हला घरी सोडलं. घर आल्यावरही लगेच उतरला नाही.

त्याच संध्याकाळी त्याने नोलाला सांगितलं. ते कसं झालं मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नोला माझ्या दारात उभी होती, कोट घालून, हातात पर्स.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"मी ओव्हनपाशी होते. तुझ्यापासून चार पावलांवर. आणि तू मला त्या माणसाला नाही नाही ते बोलू दिलंस."

मी माफी मागितली. ती आत आली नाही. "अकरा ठिकाणी सांगितलंय मी," ती म्हणाली. "रात्री बसून आठवून लिहून काढलं." तिने पर्समधून कागद काढून मला दाखवला. वरचं नाव बेकरीचं होतं. ती त्या दिवशी अकराच्या अकरा ठिकाणी गेली, आणि प्रत्येक ठिकाणी, ज्याला सांगितलं होतं त्यालाच बोलावून, आपण नेव्हिलबद्दल बोललो ते खोटं होतं आणि कार्ड आपल्या नवऱ्याचं होतं, असं सांगून आली. दोन जणी घरी नव्हत्या, त्यांच्याकडे मंगळवारी पुन्हा गेली. मर्व्हला तिने हे करू का असं विचारलं नव्हतं. त्यामुळे रविवारी मर्व्ह हॉलमध्ये उभा राहिला तेव्हा जवळजवळ सगळ्यांना आधीच माहीत होतं.

तरी तो बोलला. कार्ड माझं होतं, शेरा माझा होता, पेटी माझी होती, आणि शेरा बरोबर होता. नेव्हिलला मी तोंडघशी पाडलं. एवढंच बोलून तो बसला.

"म्हणजे तू स्वतःच स्वतःला फळ्या ठोकायला शिक म्हणालास?" क्लाइव्ह म्हणाला. दोघे-तिघे हसले. मर्व्ह हसला नाही, तसं क्लाइव्हचंही हसू विरलं. थोड्या वेळाने त्याने टोपी हातात घेतली आणि म्हणाला, "मग मला नेव्हिलकडे जायला हवं." तो गेला, हे मला नेव्हिलच्या शेजाऱ्याकडून कळलं. दारातच उभा राहिला, पाच मिनिटं बोलला, नेव्हिलने त्याला आत बोलावलं नाही, पण दोन माकुल कागदात बांधून दिली.

लोकांनी 'कपाट' म्हणणं सोडलं असं मात्र नाही. आता ते प्रेमाने म्हणतात असं त्यांचं म्हणणं आहे. नेव्हिल क्लबात परत आला नाही. मी दोनदा बोलावणं धाडलं. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "ग्लेनिस, मी तिथे आवाज ऐकायला यायचो. आता मला त्या खोलीत दुसरंच काहीतरी ऐकू येईल."

मर्व्ह मात्र बुधवारी त्याच्याकडे जातो. पहिल्या बुधवारी तो कापलेली पेटी घेऊन गेला आणि म्हणाला, हिचं काय करता येईल सांग. नेव्हिलने ती मोजली, आकडे लिहिले आणि सांगितलं की हिचं काही करता येणार नाही, नवीन बनव. मर्व्हने नवीन बनवली, नेव्हिलच्या नकाशाप्रमाणे, पट्ट्यांसकट, आधीच्यापेक्षा चार सेंटिमीटर उंच. ती फळीत बसत नाही म्हणून नोलाने टीव्हीचं कपाटच विकायला काढलं. मर्व्ह आणि नेव्हिल फारसं बोलत नसावेत. मी एकदा नेव्हिलच्या घरावरून जात होते तेव्हा गॅरेजचं दार उघडं होतं; मर्व्ह कडा घासत होता, नेव्हिल तराजूवर कापूस ठेवत होता, आणि दोघांच्या मध्ये रेडिओवर फुटबॉलचा सामना चालू होता.

ऑक्टोबरमध्ये मर्व्ह जवळच्या कडायना शहरात कानांची तपासणी करायला गेला. नोलाला वाटलं, म्हातारपणी काळजी घेतोय. त्याने मला खरं कारण सांगितलं. चाळीस वर्षं करवतीच्या यंत्राशेजारी काढली, कान गेले असतील. म्हणून घरी बसून अकरा महिने पेटीचा दोष कळला नसेल, अशी त्याला आशा होती. तपासणाऱ्या बाईने त्याला बंद खोलीत बसवलं, कानाला यंत्रं लावली, बटणं दाबायला लावली. मग आलेख काढून समजावून सांगितलं की त्याचे कान वयाच्या मानाने फार चांगले आहेत, पन्नाशीच्या माणसासारखे.

"आनंदाची गोष्ट आहे," मी म्हटलं.

"सगळे तेच म्हणतात," मर्व्ह म्हणाला, आणि आलेखाची घडी घालून खिशात ठेवली.